हिशेब न लागलेल्या ३९ पावत्या: आकड्यांची रेंज वाचणाऱ्या कोडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि आजूबाजूच्या बाजारपेठांत शाखा असलेली ही एक पतसंस्था. संस्थेची ओळख लपवली आहे आणि पावत्यांचे क्रमांक बदलले आहेत. दुकानोदुकानी फिरून रोजची पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांवर तिचा बराचसा व्यवहार चालतो. एजंटांच्या हाती आता मशीन असतं, पण बॅटरी उतरली, नेटवर्क गेलं किंवा कर्जाचा हप्ता हातोहात घ्यायचा असला की छापील पावतीपुस्तक बाहेर निघतं.

एका पुस्तकात ५० पावत्या, प्रत्येकीवर छापील क्रमांक. महिनाअखेर शाखेतली क्लार्क प्रत्येक एजंटाच्या नावापुढे चार रकाने भरते: दिलेल्या पावत्या, वापरलेल्या, रद्द झालेल्या आणि कोऱ्या परत आलेल्या. वहीत ही नोंद वर्षानुवर्षं जशी होत आली तशीच ती संगणकातही होते. एका चौकोनात सरळ ओळ लिहायची: २४५१-२४६३, २४६५, २४६८. पायथन या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम ही ओळ वाचतो, रेंज उलगडून एकेक क्रमांक काढतो आणि दिलेल्या पावत्यांतून बाकी तिन्ही रकाने वजा करतो. जे उरतं त्याची यादी छापली जाते. तिचं शीर्षक ‘हिशेब न लागलेल्या पावत्या’.

या यादीला वजन आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त पावत्या तिच्यात आल्या तर खुलासा येईपर्यंत एजंटाचं कमिशन थांबतं. नियम कठोर वाटला तरी रास्त आहे. कोरी पावती भलत्याच्या हाती गेली तर गोळा झालेला पैसा खात्यात कधी पोचतच नाही, आणि ऑडिटर आल्यावर पहिली विचारणा पावतीपुस्तकांचीच होते.

काय घडलं

मार्चअखेरच्या यादीत एका जुन्या, भरवशाच्या एजंटाचं नाव आलं. २४५१ ते २५०० या पुस्तकातल्या ५० पैकी ३९ पावत्यांचा पत्ता नाही. शाखाधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे कमिशन रोखलं. दुसऱ्या दिवशी एजंट स्थळप्रतींचं अख्खं पुस्तक घेऊन शाखेत आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “मॅडम, तुम्हीच मोजा.” क्लार्क मॅडमनी पानं उलटून मोजलं. ४१ वापरलेल्या, ४ रद्द, ५ कोऱ्या. पन्नासच्या पन्नास जागेवर.

मॅडमनी वहीतली ओळ पुन्हा टाइप केली. पुन्हा ३९. मग प्रकरण सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या छोट्या चमूकडे गेलं. वापरलेल्या पावत्यांच्या रकान्यात मॅडमनी लिहिलेली ओळ अशी होती:

२४५१ ते २४६३, २४६५ २४६८, २४७०-९५

मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही यात अडखळायचं कारण नाही. पहिल्या तुकड्यात १३ पावत्या, मग दोन सुट्या ज्यांच्यामधला स्वल्पविराम राहून गेला, आणि शेवटी २६. एकूण ४१. प्रोग्रॅमला मात्र यातून फक्त दोन पावत्या दिसल्या: २४५१ आणि २४६३.

कारणाचा माग

जुना कोड जेमतेम चार-पाच ओळींचा होता. तो तीन कामं करायचा. आधी ओळीतल्या सगळ्या स्पेस पुसायचा. मग लांब डॅशच्या जागी साधा हायफन घालायचा. आणि शेवटी पायथनच्या ‘फाइंडऑल’ या शोधणाऱ्या फंक्शनला एक रेजेक्स, म्हणजे मजकुराची ठेवण सांगणारा नमुना, देऊन जे सापडेल ते गोळा करायचा. रेजेक्समध्ये आकड्यासाठी बॅकस्लॅश-डी (\d), म्हणजे ‘कुठलाही अंक’ ही खूण होती. ती उलगडून लिहिली तर नमुना असा:

([0-9०-९]+)(?:-([0-9०-९]+))?

एक आकडा, आणि त्याला लागून हायफन व दुसरा आकडा असला तर तोही. नमुन्यात चूक काढायला जागा नाही, आणि म्हणूनच सुरुवातीला सगळे त्याच्याकडेच बघत बसले. घोटाळा त्याच्या दोन्ही बाजूंना होता.

फाइंडऑल ओळीतून ओळखीचं तेवढं उचलतो आणि बाकीचं काहीही न बोलता सोडून देतो. स्पेस पुसल्यावर पहिला तुकडा ‘२४५१ते२४६३’ असा झाला. फाइंडऑलला त्यात दोन सुटे आकडे दिसले, ‘ते’ हवेत विरला आणि मधल्या ११ पावत्या गेल्या. तिसऱ्या तुकड्यात रेंज सापडली खरी, पण २४७० पासून ९५ पर्यंतची. पायथनमध्ये वरून खाली जाणारी रेंज मागितली तर तो कुरकुरत नाही, रिकामी रेंज हातात ठेवतो. इथे २६ गेल्या.

सगळ्यात वाईट दुसरा तुकडा. स्पेस पुसल्यामुळे ‘२४६५ २४६८’चा २४६५२४६८ हा एकच आकडा झाला. या क्रमांकाची पावती संस्थेने कधी छापलेलीच नाही, त्यामुळे वजाबाकीत ती कुठेच लागली नाही आणि दोन्ही खऱ्या पावत्या ‘बेपत्ता’ ठरल्या. ११, २६ आणि २ मिळून ३९.

इथवर उलगडल्यावर चमूला वाटलं, झालं. पण त्यातल्या एकाने तीच चूक जरा वेगळ्या जागी घालून पाहिली, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं. समजा ओळ ‘२४५१-२४६३ २४६५’ अशी आहे. स्वल्पविराम विसरण्याची चूक तीच. स्पेस पुसल्यावर ती होते २४५१-२४६३२४६५. म्हणजे २४५१ पासून जवळजवळ अडीच कोटींपर्यंतची रेंज! आता त्या एजंटाला दिलेली, २४५१च्या पुढची प्रत्येक पावती ‘वापरली’ म्हणून मोजली जाते आणि यादीत त्याचं नावच येत नाही. एक स्पेस पुसल्याने एका एजंटावर आळ येत होता आणि दुसऱ्याला आपोआप निर्दोषत्वाचा दाखला मिळत होता. पहिली चूक बाहेर आली, कारण तिच्यामुळे ज्याचं नुकसान झालं तो माणूस पुस्तक घेऊन शाखेत उभा राहिला. दुसऱ्या चुकीबद्दल तक्रार घेऊन कोण येणार?

अडीच कोटी आकड्यांचा संच मेमरीत मांडायला पायथनला एक जीबीहून जास्त जागा लागते. महिनाअखेरीला सर्व्हर अधूनमधून का गुदमरतो, याचंही उत्तर बहुधा इथेच होतं. आजवर तो नुसता रीस्टार्ट केला जायचा आणि दोष कामाच्या गर्दीवर टाकला जायचा. रेंज उलगडण्याआधी तिचा आकार न पाहणं ही जुनीच खोड आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अपाची वेबसर्व्हरमधली अशीच एक त्रुटी उघड झाली होती. एकाच विनंतीत फाइलच्या एकमेकींवर चढलेल्या ढीगभर बाइट-रेंज (‘इथपासून इथपर्यंतचा तुकडा’) मागितल्या की सर्व्हरची मेमरी संपायची. तिथे हल्ला होता, इथे राहून गेलेला स्वल्पविराम.

पर्याय

चमूसमोर चार रस्ते आले.

अख्ख्या ओळीसाठी एकच मोठा रेजेक्स लिहायचा, हा पहिला. सगळ्यात नव्या प्रोग्रॅमरने तो उत्साहाने लिहूनही आणला:

^([0-9]+-?[0-9]*,?)+$

यात दोन अडचणी निघाल्या. एकाच कंसाची पुनरावृत्ती झाली की पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषा त्या कंसातलं फक्त शेवटचं सापडलेलं लक्षात ठेवतात. डॉटनेट सगळी ठेवतं, पण इथे पायथन होतं. म्हणजे ओळ बरोबर आहे एवढं कळणार, तुकडे हाती लागणार नाहीत. दुसरी अडचण जास्त गंभीर. ‘एक किंवा जास्त’ आकड्यांच्या बाहेर पुन्हा ‘एक किंवा जास्त’ वेळा, आणि मधलं सगळं ऐच्छिक. लांबलचक आकड्याच्या शेवटी एखादं भलतं अक्षर आलं की रेजेक्स चालवणारं इंजिन त्या आकड्याचे तुकडे पाडण्याची प्रत्येक शक्यता तपासत बसतं. दर वाढत्या अंकामागे शक्यता किमान दुप्पट होतात. खातेनंबर आणि मोबाइल नंबर चुकून एकत्र पेस्ट झाले तरी सर्व्हर बसायचा. हे पुस्तकी भय नव्हे. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं ते ओळीच्या कडेच्या स्पेस काढणाऱ्या रेजेक्समुळे, आणि २ जुलै २०१९ ला वेबसाइटना सर्व्हरचं जाळं पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीवर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट २७ मिनिटं कोलमडल्या त्याही एका रेजेक्सने प्रोसेसर खाल्ल्यामुळे.

दुसरा रस्ता म्हणजे रेजेक्स सोडून द्यायचा. स्वल्पविरामावर तोडा, मग हायफनवर तोडा, आकड्यात बदला. साधं, आणि बऱ्याच ठिकाणी पुरेसंही. पण पायथनचं आकड्यात बदलणारं फंक्शन फार दिलदार आहे: आजूबाजूच्या स्पेस, आधीचं अधिकचिन्ह, अंकांमधला अंडरस्कोअर, सगळं पोटात घालतं. ‘काय चालणार नाही’ हे ठामपणे सांगायला इथे नमुनाच सोयीचा होता.

तिसरा, चौकोनच बदलायचा: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने. मुख्य कार्यालयाला हे एकदम पटलं. शाखांतून विरोध झाला. क्लार्क मंडळी वहीतली ओळ बघून सलग टाइप करतात. प्रत्येक तुकड्यासाठी माउस धरायचा तर महिनाअखेरची संध्याकाळ रात्रीवर जाणार. विरोध खरा होता, म्हणून हा पर्याय पुढच्या आवृत्तीवर ढकलला गेला.

चौथा, तयार लायब्ररी. ‘ते’ ओळखणारी काही मिळाली नाही, विषय संपला.

काय केलं

शेवटी कामाची वाटणी ठरली. रेजेक्सने एका तुकड्याची फक्त ठेवण ओळखायची. त्याचा अर्थ लागतो का, हे पावतीपुस्तकाची माहिती असलेल्या कोडने ठरवायचं. आणि जे कळलं नाही ते कळल्यासारखं दाखवायचं नाही.

ओळ आधी स्वल्पविराम, ‘व’ किंवा ‘आणि’ यांवर तुटते. प्रत्येक तुकड्याच्या फक्त कडेच्या स्पेस काढल्या जातात, आतल्या नाहीत. मग तो तुकडा पूर्णच्या पूर्ण या नमुन्यात बसला पाहिजे:

([0-9०-९]+)(?: *(?:[-‐‑‒–—−]|ते) *([0-9०-९]+))?

चौकोनी कंसात ही डॅशची पलटण कशाला, असं वाटेल. वर्डमध्ये शब्दांच्या मध्ये स्पेस देऊन टाकलेला हायफन आपोआप लांब होतो, पीडीएफमधून कॉपी केलं तर कधी न तुटणारा हायफन येतो, कधी गणिताचं वजाचिन्ह. डोळ्यांना सगळे सारखेच. साधा हायफन कंसात सगळ्यात आधी ठेवला आहे, कारण तो मध्ये पडला तर रेजेक्स त्यालाच रेंजची खूण समजतो आणि दोन बाजूंच्या चिन्हांमधलं सगळं काही आत घेतो. तुकडा पूर्ण बसतो का हे पायथनच्या ‘फुलमॅच’ फंक्शनने तपासलं. नमुन्याच्या शेवटी ‘इथेच संपायला हवं’ असं सांगणारा डॉलर ($) लावून भागत नाही. ओळ संपल्याची खूण शेवटी चिकटून आली तर पायथनचा डॉलर तिला खुशाल जाऊ देतो.

बॅकस्लॅश-डी काढून दोन्ही लिप्यांचे अंक मुद्दाम लिहिले, त्यामागे एक छोटी चकमक आहे. चूक टाइप करतानाच दिसावी म्हणून तीच तपासणी ब्राउझरमध्येही लावायची ठरली. जुना नमुना जसाच्या तसा तिथे नेला, तर देवनागरीत लिहिलेली एकूण एक ओळ नापास! पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी जगातल्या कुठल्याही लिपीचा दशमान अंक ओळखतो आणि ‘२४५१’चं आकड्यातलं रूपांतरही बिनबोभाट होतं. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-डी शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांपलीकडे काही ओळखत नाही, आणि देवनागरी अंकांचा आकडा करायला सांगितलं तर ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर देतो. इतकी वर्षं मराठी अंक चालत होते ते कुणी विचार केला म्हणून नव्हे, भाषा पायथन होती म्हणून. आता ब्राउझरमध्ये आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलले जातात.

सगळ्यात लांब चर्चा झाली ‘२४७०-९५’वर. प्रोग्रॅमरांचं म्हणणं, नाकारा. मॅडमचं म्हणणं, “आम्ही आर्थिक वर्ष २०२३-२४ असंच लिहितो की, त्याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?” मुद्दा बिनतोड होता. तोड अशी निघाली: दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल आणि त्यात अंकही कमी असतील तर सुरुवातीचे अंक पहिल्याकडून उसने घ्यायचे, पण गुपचूप नाही. पडद्यावर ‘२४७० ते २४९५, २६ पावत्या, बरोबर?’ असं विचारायचं. ‘२४९५-०५’ असं आलं तर उसनवारीनंतर २४०५ होतात, तेही लहानच, म्हणून नकार. माणसाला तिथे २५०५ म्हणायचं असतं हे उघड आहे, पण ते पुस्तक ओलांडून पुढे जातं, आणि दोन पुस्तकांचा हिशेब एका तुकड्यात लिहायचा नाही हा संस्थेचा जुनाच दंडक. ‘२४९५-२४७०’ अशी उलटी रेंजही परत पाठवली जाते. आपणहून सुलटी केली जात नाही.

नुसत्या स्पेसने वेगळे झालेले आकडे कसे घ्यायचे, यावरही दोन मतं होती. स्पेस म्हणजे स्वल्पविराम समजलं तर मॅडमची मूळ ओळ लगेच पास झाली असती. पण ‘२४ ६५’ असा मध्येच तुटलेला आकडाही वह्यांवरून आलेल्या नोंदींत सापडला, आणि तिथे स्पेस खरोखर पुसायलाच हवी होती. एकच खूण दोन उलट अर्थांची, म्हणून अंदाज न करता विचारायचं ठरलं: ‘२४६५ आणि २४६८ यांच्यामध्ये स्वल्पविराम राहिला आहे का?’ ओळीवर नुसतं लाल करून ‘अवैध नोंद’ म्हणण्यापेक्षा हे बोट ठेवणं शाखांना जास्त भावलं.

बाकीच्या तपासण्या पटकन झाल्या. रेंज उलगडण्याआधी ती एजंटाला दिलेल्या पुस्तकांच्या आत आहे का हे पाहायचं. संख्या मोजायला वजाबाकी करून एक मिळवणं पुरतं, संच मांडावा लागत नाही. आणि एकच क्रमांक दोन रकान्यांत आला, वापरलेलाही आणि रद्दही, तर ओरडायचं. जुना कोड सगळं एका संचात ओतत असल्यामुळे अशी दुहेरी नोंद त्यात विरघळून जायची.

परिणाम

एजंटांचं कमिशन सुटलं. शाखाधिकाऱ्यांनी त्यांना चहा पाजला. लेखी काही दिलं नाही, आणि ते द्यायला हवं होतं असं मला वाटतं.

मागच्या नोंदी नव्या कोडमधून काढायच्या ठरल्या तेव्हा खरी अडचण कळली. डेटाबेसमध्ये टाइप केलेली मूळ ओळ ठेवलेलीच नव्हती, उलगडलेले क्रमांक तेवढे होते. ‘२४६५२४६८’ कुठून आला हे त्यावरून समजायला मार्ग नाही. शेवटी कपाटातून वह्या काढल्या आणि मागच्या तिमाहीच्या ओळी दोघांनी बसून पुन्हा टाइप केल्या. आळ आलेली नावं कमी झाली, तशी यादीत नसलेली काही नवीन आली. त्यांतल्या बहुतेकांच्या कोऱ्या पावत्या शाखेच्याच कपाटात निघाल्या, परत घेतल्याची नोंद तेवढी राहिली होती. एका पुस्तकाच्या शेवटच्या काही पावत्या मात्र मिळाल्या नाहीत. तो विषय संचालक मंडळाकडे गेला आणि तिथून पुढचा भाग कोडचा नाही.

एक्सेलचा त्रास अजून पुरता मिटलेला नाही. दोन शाखा नोंदी एक्सेलमध्ये करून फाइल चढवतात. पावत्यांचे चार आकडी क्रमांक त्यात सुखरूप राहतात, पण पुस्तक क्रमांकाच्या रकान्यात कुणी 3-7 लिहिलं की एक्सेल त्याची ३ जुलै करून टाकतं. जुन्या कोडला त्यातून फक्त पुस्तक क्रमांक ३ दिसायचं. नवा कोड अशी ओळ नाकारतो. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केलेली तयार फाइल शाखांना दिली आहे, आणि ती वापरली जाते तोवर ठीक.

काय वेगळं करता आलं असतं

मूळ ओळ जपून ठेवायला हवी होती, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट यादीच्या शीर्षकात होती. ‘हिशेब न लागलेल्या’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी छापल्या जात होत्या: शोधूनही न मिळालेली पावती आणि प्रोग्रॅमला वाचता न आलेली नोंद. पहिलीसाठी एजंटाला जाब विचारणं योग्य, दुसरीसाठी प्रोग्रॅमला. पहिल्याच दिवशी हे दोन रकाने वेगळे छापले असते, तर मॅडमनी मार्चमध्ये फोन सॉफ्टवेअरवाल्यांना केला असता, एजंटांना नाही. रेजेक्स तसाच ढिला राहिला असता तरी चाललं असतं.

चाचण्यांबद्दलही तेच. जुन्या कोडच्या चाचण्या होत्या, आणि सगळ्या पास व्हायच्या. पण त्यातल्या ओळी प्रोग्रॅमरने स्वतः रचलेल्या होत्या: नीट स्वल्पविराम, नीट हायफन, इंग्रजी अंक. आता चाचण्यांत वहीतल्या खऱ्या ओळी घातल्या आहेत, त्यांच्या सगळ्या तऱ्हांसह. दर महिन्याला नाकारल्या गेलेल्या ओळींतून एखाददुसरी तिथे भरती होते.

दोन रकान्यांचा फॉर्म नव्या आवृत्तीत आला. टॅब दाबून पुढे सरकता येतं म्हटल्यावर बहुतेक शाखांनी तो घेतला. एका शाखेत मात्र क्लार्क अजून ‘पासून’च्या चौकोनात अख्खं ‘२४५१ ते २४६३’ लिहितात आणि ‘पर्यंत’ रिकामं सोडतात. चमूने त्या चौकोनामागेही तोच नमुना बसवला आहे.